तक्क्याला समुद्रावर न्यायचं तर

माझ्या आत्याच्या तोंडात दिवसभर खिळे असतात. हे मी तिच्या स्वभावाबद्दल सांगत नाही. खरोखरचे, लोखंडाचे, बारीक खिळे. ती जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करते. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात चुंबकाच्या तोंडाची छोटी हातोडी. मग खिळा घ्यायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ते गालात ठेवायचे, जिभेनं एकेक पुढं सरकवून ओठांत आणायचा, हातोडीच्या चुंबकानं अलगद टिपायचा आणि ठोकायचा. आजोबा असंच करायचे. दुकान त्यांचंच. बाबा कचेरीत नोकरीला लागले, आत्या दुकानात राहिली, आणि आजोबा गेल्यावर त्यांची हातोडी आणि त्यांची ही सवय, दोन्ही तिच्याकडं आलं.

त्यामुळं आत्या बोलत नाही, हुंकारते. आखूड ‘हं’ म्हणजे होय. नाकातून वर चढणारा ‘हं’ म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलं. गिऱ्हाईक विचारतं, ‘बाई, शनिवारपर्यंत होईल ना?’ ती एक लांब, उतरत जाणारा ‘हं’ काढते, आणि गिऱ्हाईक समजून जातं की होईल, पण पुढच्या शनिवारी. लग्न का केलं नाहीस, असं विचारणाऱ्यांसाठीही तिच्याकडं एक हुंकार होता. तो मी एकदाच ऐकला. विचारणाऱ्या बाई आपली खुर्ची तशीच मोडकी घेऊन परत गेल्या होत्या.

दुकान म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक लांबट खोली. दारापाशी उजेड, आत जाल तसा अंधार. मधोमध पोट फाडलेला एखादा सोफा, त्याच्या स्प्रिंगा वर आलेल्या. भिंतीला कापडाचे तागे टेकवलेले. जमिनीवर काथ्या, चिंध्या, खडूची धूळ. आणि त्या सगळ्यात, नेमका पाय ठेवायच्या जागी झोपलेला तक्क्या.

तक्क्या कुत्रा आहे. कुणीतरी एक मोठा सोफा दुरुस्तीला आणून टाकला होता. आत्यानं त्याचा तळ उसवला, तेव्हा आतल्या काथ्यात काथ्याच्याच रंगाचं एक पिल्लू झोपलेलं सापडलं. आत्यानं मालकाला फोन केला. मालक म्हणाला, सोफा आमचा आहे, कुत्रा आमचा नाही. सोफा गेला, कुत्रा राहिला. वाढत वाढत तो असा लांबट आणि गोल झाला की त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं.

दुकानात असताना तक्क्यासारखा शहाणा कुत्रा नाही, असं सगळे म्हणायचे. आत्याचा ‘हं’ ऐकला की तो उठतो, दुसरा ‘हं’ ऐकला की बाजूला होतो, तिसऱ्या ‘हं’ला दारात जाऊन बसतो. गिऱ्हाइकांना जे कळायला वर्षं लागली ते त्यानं दोन महिन्यांत उचललं.

वर्षातून एक दिवस आत्या दुकान बंद ठेवते. सणाला नाही, आजारी पडली तरी नाही. त्या एका दिवशी आम्ही सगळे बाबांच्या गाडीतून समुद्रावर जातो. आजोबांच्या काळापासून जातो. आत्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहते, साडी जराशी उचलून, आणि तासन्‌तास समोर बघते. तिच्या तोंडात त्या दिवशी काही नसतं, तरीही ती फारशी बोलत नाही. मला लहानपणी वाटायचं, समुद्राशीही ती हुंकारूनच बोलत असावी.

गेल्या वर्षी तक्क्याला पहिल्यांदा सोबत नेलं, आणि सगळं बिघडलं.

गाडीतून उतरल्याबरोबर त्यानं पक्षी पाहिले आणि सुटला. आत्या त्याच्या नावानं ओरडली. तो थांबला, मागं वळून पाहिलं, एखाद्या अनोळखी बाईकडं पाहावं तसं, आणि पुन्हा धावला. खाऱ्या पाण्यावर तोंड मारलं. किनाऱ्यावर पडलेला कुजका मासा गिळला. मग गळ टाकून बसलेल्या लोकांच्या खडकांवर चढला, आणि पाणी चढू लागलं तरी उतरेना. बाबा त्याला आणायला गेले, शेवाळावरून घसरले आणि त्यांचा पाय मुरगळला. परतताना तक्क्यानं गाडीच्या मागच्या सीटवर समुद्र आणि मासा, दोन्ही परत केले. त्या सीटचं कापड आत्यानंच शिवलेलं होतं.

‘पुढच्या वर्षी कुत्रा नाही,’ बाबा म्हणाले. ते घरी, खुर्चीत, पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून बसले होते.

‘बरं,’ आत्या म्हणाली. ‘मग मीही नाही.’

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे दुकान उघडं राहील.’

आत्या धमकी देत नाही. ती फक्त सांगते, आणि मग तसंच होतं. आईला हे बाबांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिनं वर्षभर कुणालाच आपला हट्ट सोडायला लावलं नाही, पण तोडूही दिलं नाही. कधी बाबांना म्हणायची, ‘वर्षातला एकच दिवस तिचा, तोही काढून घेणार का?’ कधी आत्याला म्हणायची, ‘वन्सं, त्यांचा पाय अजून पावसाळी हवेत दुखतो हो.’ शेवटी बाबांनी एक अट घातली. कुत्रा मोकळा सोडायचा, आणि तो एका हाकेत परत आला पाहिजे. त्यांच्या डोळ्यांसमोर. आला तर दर वर्षी येईल. नाही आला, तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

‘एका हाकेत माणसं येत नाहीत,’ आई म्हणाली. ‘तुम्ही जेवायला येता का?’

‘मी समुद्रात पळून जात नाही,’ बाबा म्हणाले.

आत्या तयारीला लागली. आधी तिनं पोहण्याचं जॅकेट शिवायला घेतलं, कारण शिवण हा तिचा हातखंडा. तक्क्याला टेबलावर उभं करून माप घेतलं. दुकानातला सगळ्यात चांगला फोम काढला, ज्यावर बसलं की माणूस नकळत उसासा टाकतो तो. वरून पाणी न धरणारं कापड, पोटाखाली दोन रुंद पट्टे, पाठीवर उचलायला एक मूठ. मूठ तिनं दुहेरी दोऱ्यानं, वाकड्या सुईनं, आतल्या पट्ट्यापर्यंत शिवली. जॅकेट इतकं देखणं झालं की ते घालून तक्क्या स्वतःच एखादी आरामखुर्ची दिसायला लागला. बाबाही म्हणाले, छान झालंय.

मागच्या अंगणात पाण्याची टाकी होती. त्यात आत्यानं आधी नुसतं जॅकेट सोडलं. ते तरंगलं. आम्ही सगळे बघत उभे होतो. मग ते जरा खाली बसलं. मग आणखी जरा. एखादा भिडस्त पाहुणा, बसा बसा म्हटल्यावर हळूहळू सोफ्यात रुततो, तसं ते अगदी सावकाश तळाला गेलं.

 आत्यानं हात घालून ते वर काढलं. त्याचं वजन एखाद्या भिजलेल्या गादीएवढं झालं होतं.

‘चांगला फोम श्वास घेतो,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर चांगला.’

‘इथं मात्र पाणी घेतलं त्यानं,’ आई म्हणाली.

आत्यानं सगळा जन्म हवा खेळणारा, दाबला की दबणारा फोम निवडण्यात घालवला होता. बंद, कडक, छिद्रं नसलेला फोम तिच्या दृष्टीनं फक्त खोक्यात सामान भरायच्या लायकीचा. तसाच आता हवा होता. दोन दिवस तिनं तो विषय काढला नाही. मग जुन्या बाजारातून एक फाटकं, माणसाचं लाइफजॅकेट आणलं, त्याच्या पोटातले कडक फोमचे तुकडे काढून आपल्या जॅकेटात बसवले, आणि पुन्हा टाकीत सोडलं. ते रात्रभर तरंगत राहिलं. सकाळी त्यावर एक कावळा बसला होता.

खरी अडचण हाकेची होती. ती काय आहे हे आईनं ओळखलं, भाजी निवडता निवडता.

‘वन्सं, समुद्रावरची ती हाक सोडली तर तुम्ही त्याला तोंड उघडून कधी हाक मारलीय?’

आत्या विचारात पडली. तिनं आठवून पाहिलं. कधीच नाही. दुकानात तोंडात खिळे. घरी तो पायाशीच. त्याला ठाऊक होती ती मिटल्या ओठांची आत्या. गेल्या वर्षी वाऱ्यात, लाटांच्या आवाजात, तो हुंकार पोचणारच नव्हता; आणि जे पोचलं तो त्याच्यासाठी कुणा परक्या बाईचा आरडाओरडा होता. त्यातून नावही असं ठेवलेलं, की दुकानात रोज कुणीतरी तक्क्याचं माप सांगतं, तक्क्याचं कापड बघतं. त्या नावाकडं लक्ष न देणं हेच तो शिकला होता.

म्हणून रोज संध्याकाळी आत्या दुकानामागच्या मैदानात हाका मारायला जाऊ लागली. सोबत मी आणि लांब दोरी. मी तक्क्याला पलीकडच्या टोकाला घेऊन उभी राहायची, आत्या अलीकडून ओरडायची. ओरडायची म्हणजे, प्रयत्न करायची. पहिल्या दिवशी तिच्या गळ्यातून जो आवाज आला तो बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाचा होता. ती स्वतःच दचकली. मैदानाच्या कडेनं चालणाऱ्या एक बाई थांबून म्हणाल्या, ‘कोण हरवलंय का हो?’

‘नाही,’ आत्या म्हणाली. ‘सगळे इथंच आहेत.’

दिवसेंदिवस आवाज मोकळा होत गेला. तो जाड होता, जरा घोगरा, आणि बराच मोठा. आपल्याजवळ एवढा आवाज आहे हे तिलाच माहीत नव्हतं. गिऱ्हाइकं सांगू लागली की बाई हल्ली बोलतात. तक्क्या मात्र ढिम्म. तो माझ्या पायाशी बसून गवत हुंगायचा, आणि पलीकडं आपली मालकीण कुणाच्या तरी नावानं ओरडतेय याकडं सभ्यपणे दुर्लक्ष करायचा.

समुद्राचा दिवस जवळ आला. एका संध्याकाळी आई थर्मास घेऊन मैदानात आली. आत्या ओरडून दमली होती. तिनं थर्मास पाहिला आणि नुसतीच म्हणाली, ‘चहा.’

माझ्या हातातली दोरी सुटली. तक्क्या मैदान ओलांडून, कान मागं टाकून, पोट जमिनीला घासत निघाला आणि आत्याच्या पायांवर जाऊन आदळला.

आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. मग आत्या खाली बसली आणि हसायला लागली. दुकानात दिवसातून दोनदाच खिळे तोंडाबाहेर येतात. आत्या ते डब्याच्या झाकणात थुंकते, तोंड पुसते, आणि शेजारच्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणते, चहा. मग कपाबरोबर एक साधं बिस्कीट येतं, आणि त्यातलं अर्धं तक्क्याचं. दुकानात उघड्या तोंडानं आत्याचा तो एकच शब्द त्याच्या कानावर पडायचा. तेवढा त्याला पक्का येत होता.

‘समुद्रावर उभी राहून चहा चहा ओरडणार?’ बाबांनी विचारलं.

‘तू अट हाकेची घातलीस,’ आत्या म्हणाली. ‘शब्दाची नाही.’

आम्ही पहाटे निघालो, कारण ऊन चढलं की वाळू तापते. गाडीत गोड्या पाण्याचे दोन कॅन, तक्क्याचं पसरट भांडं, जुना टॉवेल, छत्री. किनाऱ्यावर पोचल्यावर आत्यानं आधी हाताची मागची बाजू वाळूवर टेकवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. हाताला सोसलं. मग तक्क्याला उतरवलं. जॅकेट, आणि जॅकेटाला लांब दोरी.

पाण्याच्या कडेला उंच खुर्चीवर जीवरक्षक बसला होता. नाकावर पांढरं मलम फासलेला, मजबूत बांध्याचा माणूस. आत्या सरळ त्याच्याकडं गेली.

‘कुत्र्याला कुठं नेऊ?’

तो खुर्चीवरून उतरला. असं आधी येऊन विचारणारं माणूस त्याला फार भेटत नसावं. ‘झेंड्यांच्या मधे नाही, तिथं पोहणारे असतात. त्या पालथ्या होडीच्या पलीकडं न्या. खडकांकडं नको, गळाचे आकडे पडलेले असतात, आणि भरतीला तिथली वाट बंद होते.’

‘ते ठाऊक आहे,’ बाबा म्हणाले.

‘मधूनमधून गोडं पाणी पाजा, म्हणजे तो हे पिणार नाही. आणि तो पट्टा दिसतोय? गडद, शांत दिसणारा? दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधे फुटत नाहीत. लोकांना वाटतं तिथं बरं आहे. तिथूनच पाणी आत ओढतं.’

‘आणि गेलाच तिथं, तर?’ आत्यानं विचारलं.

‘तर तुम्ही कुणी मागं जायचं नाही. कुत्री बहुतेक वेळा बाहेर येतात. त्यांना आणायला गेलेली माणसं अडकतात. मला हात करा. आणि तो हाकेला येत असेल तर समोरून बोलावू नका. समोरून बोलावलं की तो ओढीच्या विरुद्ध पोहत दमतो. कडेला पळा, जिथं लाटा फुटतायत तिथं, आणि तिथून बोलवा.’ मग त्यानं तक्क्याकडं पाहिलं. ‘हाकेला येतो ना?’

बाबांनी आत्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, ‘आज कळेल.’

होडीच्या पलीकडं किनारा उथळ आणि रिकामा होता. बराच वेळ तक्क्या दोरीवरच खेळला. लाट आली की मागं, गेली की पुढं, आणि प्रत्येक लाटेवर एकदा भुंकून. आई छत्रीखाली बसली. आत्या घोट्याभर पाण्यात उभी होती, पण या वेळी समुद्राकडं बघत नव्हती. तिचे डोळे कुत्र्यावर होते, आणि ती सारखी घसा साफ करत होती.

‘चला,’ बाबा शेवटी म्हणाले. ‘सोड.’

आत्यानं दोरी काढली. तक्क्या लगेच सुटला, ओल्या वाळूवरून सरळ रेषेत. तिनं त्याला बराच दूर जाऊ दिलं. मग तोंड उघडलं.

‘चहा.’

मैदानातला आवाज काहीच नव्हता असं वाटावं इतकी ती हाक मोठी होती. तक्क्या जागच्या जागी वळला. वळताना पडला, उठला आणि धावत येऊन तिच्यासमोर बसला. आत्यानं पदराखालून अर्धं बिस्कीट काढून दिलं.

आईनं टाळ्या वाजवल्या. बाबा कमरेवर हात ठेवून उभे होते.

‘वारा पडला होता आत्ता,’ ते म्हणाले. ‘परत एकदा.’

‘अहो,’ आई म्हणाली.

‘एकदा योगायोगही असतो. परत एकदा, आणि मग माझं काही म्हणणं नाही.’

आत्यानं पुन्हा सोडलं. या वेळी तक्क्या वाळूवरून गेला नाही. पाण्यावर एक पांढरा पक्षी येऊन बसला होता, डुलत, अगदी घरच्यासारखा. तक्क्या पाण्यात शिरला. जॅकेटानं त्याला छान उचलून धरलं. तो डोकं वर काढून, ऐटीत पोहत पक्ष्याच्या मागं गेला, आणि पक्षी थोडा थोडा सरकत राहिला, त्या गडद पट्ट्याकडं.

आधी काही कळलं नाही. मग दिसलं की त्याचे पाय जितके हलतायत त्यापेक्षा तो फार वेगानं लांब जातोय. पक्षी उडून गेला. तक्क्या वळला, आमच्याकडं तोंड करून पोहू लागला, आणि तरीही मागंच जात राहिला.

बाबा पाण्यात धावले. गुडघ्यापर्यंत गेलेही. आत्यानं त्यांच्या शर्टाची मागची कॉलर पकडली आणि कापड ताणून धरायच्या तिच्या त्या सवयीच्या हातानं त्यांना मागं ओढलं.

‘आत जायचं नाही, दादा.’

‘अगं, पण तो—’

‘जायचं नाही. त्याला हात कर.’ ती जीवरक्षकाबद्दल बोलत होती. मी आधीच दोन्ही हात हलवत होते. तो आपली तरंगणारी फळी घेऊन पळत निघालेला दिसत होता.

आणि आत्या पळाली. मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, किनाऱ्याच्या कडेकडेनं, तक्क्यापासून दूर जावं तशी, जिथं लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या तिथपर्यंत. तिथं ती थांबली, वळली, आणि ओरडली.

‘चहा.’

तक्क्याचं डोकं अजून आमच्याच दिशेला होतं. तिनं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. तिचा आवाज फाटला, आणि फाटल्यावर आणखी लांब गेला. चौथ्या की पाचव्या हाकेला ते ओलं डोकं हळूच बाजूला वळलं. तो तिच्याकडं निघाला. म्हणजे किनाऱ्याकडं नाही, किनाऱ्याला समांतर, आडवा. थोडा वेळ काहीच बदललं नाही. मग त्याचं मागं जाणं थांबलं. मग एक फुटणारी लाट त्याच्या पाठीखाली आली आणि त्याला पुढं ढकलून गेली. तिच्या मागून दुसरी. आत्या हाका मारतच राहिली. जीवरक्षक फळीवरून त्याच्या बाजूनं येत होता. हात न लावता, नुसता सोबत.

उथळ पाण्यात एका लाटेनं तक्क्याला उलटा केला. बाबा तिथं पोचले होते. त्यांनी जॅकेटाच्या मुठीला हात घातला आणि तो सगळा भिजलेला, खोकणारा ऐवज एका हिसक्यात वर उचलला. मूठ कुठं उसवली नाही.

तक्क्यानं बाबांच्या अंगावर अंग झाडलं. मग तो उतरून आत्याकडं गेला, तिच्यासमोर बसला आणि वाट बघू लागला.

 आत्या वाळूत बसली. ‘बिस्कीट भिजलंय,’ ती म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. ‘दुसरं हवं. चहाही हवा. बोलावलंय तर द्यायला पाहिजे. आज फसवलं तर पुन्हा कशाला येईल?’

तो प्रश्न सुटलाच होता. किनाऱ्यावरचा चहावाला किटली घेऊन घामाघूम होऊन समोर उभा होता. ‘किती वेळ ओरडताय ताई,’ तो म्हणाला. ‘येतोय ना. एवढी घाई कुणाला असते?’

आई हसू लागली, आणि मग तिचे डोळे भरून आले, आणि तरी ती हसतच राहिली. चहावाल्याकडं बिस्किटं होती. जीवरक्षकालाही चहा दिला. तो फळी उभी करून, तिला टेकून प्यायला लागला.

‘कडेला पळालात ते बरं केलंत,’ तो आत्याला म्हणाला. ‘सांगितलेलं फार थोडे ऐकतात.’ बाबांकडं त्यानं पाहिलं नाही.

बाबा खाली मान घालून तक्क्याला धूत होते. कॅनमधलं गोडं पाणी त्याच्या अंगावर ओतून, बोटांच्या मधली वाळूसुद्धा काढत होते. भांड्यात प्यायला वेगळं पाणी ठेवलं होतं. तक्क्या प्यायला की ते पुन्हा भरत होते. त्यांची पँट कमरेपर्यंत ओली होती आणि खिशातला रुमाल, पाकीट, चष्म्याचं घर, सगळं वाळूवर वाळत पडलं होतं.

‘एका हाकेत आला नाही,’ आत्या म्हणाली. तिला लपवाछपवी जमत नाही. ‘तू म्हणाला होतास, एका हाकेत.’

बाबांनी कॅनचं झाकण लावलं. ‘मी कुठं मोजल्या,’ ते म्हणाले.

सगळ्यांचा चहा होत आला. वाळू आता तापू लागली होती. तक्क्या छत्रीच्या सावलीत, ओल्या टॉवेलवर आडवा झाला होता आणि झोपेत पाय हलवत होता. बाबा जीवरक्षकाकडं वळले.

‘अशी सकाळची ओहोटी पुन्हा कधी असते?’

‘दोन आठवड्यांनी, रविवारी. पण लवकर या. आणि दोरी काढू नका.’

‘नाही काढणार,’ बाबा म्हणाले. मग आत्याला म्हणाले, ‘दोन आठवड्यांनी. रविवारी.’

‘दुकान आहे माझं.’

‘असू दे.’

‘वर्षातून एकदाच बंद ठेवते मी.’

‘आजचा दिवस धरायचाच नाही,’ बाबा म्हणाले. ‘आज तू कुठं पाण्याकडं पाहिलंस? सगळा वेळ कुत्र्याकडंच बघत होतीस.’

 आत्यानं उरलेला चहा संपवला. मग पिशवीतून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि त्या रविवारी ज्यांचा सोफा द्यायचा होता त्या काकूंना लावला.

‘काकू, तुमचा सोफा सोमवारी देते,’ ती बसलेल्या आवाजात म्हणाली. ‘रविवारी दुकान बंद आहे. नाही, तब्येत बरी आहे, आवाज ओरडून बसलाय. नाही हो, भांडण नाही. समुद्रावर जायचंय, कुत्र्याला घेऊन.’

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. आत्यानं ऐकून घेतलं, मग फोनवर हात ठेवला.

‘दादा, गाडीत एक जागा होईल का? काकूंनी समुद्र पाहून खूप वर्षं झालीत म्हणे.’

बाबांनी टॉवेलवर हातपाय पसरून पडलेल्या तक्क्याकडं पाहिलं. मागच्या सीटवरही तो असाच पसरणार होता.

‘त्याच्या शेजारी बसावं लागेल,’ ते म्हणाले.

आत्यानं फोन पुन्हा कानाला लावला. ‘या काकू,’ ती म्हणाली. ‘पण चांगली साडी नेसू नका.’